स्टिअरिंगचं तेल

“पाणी हवंय?” आईने विचारलं.

“ते,” बाबा म्हणाले.

“पंखा लावू?”

“ते.”

“मग पाठीला उशी देऊ का? बोला की.”

बाबांनी उजव्या हाताने ताट पुढे ढकललं. “ते. ते. ते.”

‘बोला की’ हे आई आपलं सवयीने म्हणायची. बोलणं जाऊन वर्ष होत आलं होतं. एका सकाळी दाढी करताना बाबांचं डावं अंग लुळं पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि जन्मभर वापरलेल्या सगळ्या शब्दांमधून नेमका हा एक मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. तेव्हापासून चहा म्हणजे ते, औषध म्हणजे ते आणि मी, त्यांची एकुलती एक लेक, मीही तेच. आई मात्र या कोड्यांत तरबेज झाली होती. ती सुरावरून ओळखायची. लांबवलेलं ‘ते’ म्हणजे खिडकी उघडा, तुटक ‘ते’ म्हणजे बातम्या पुरे. मी अधूनमधून येणारी, त्यामुळे माझा अंदाज हमखास चुकायचा, आणि तो चुकला की आईच्या चेहऱ्यावर जरासा अभिमान दिसायचा.

पण काल संध्याकाळपासून तिचंही काही चालत नव्हतं. बाबांनी रात्री जेवण टाकलं, सकाळी चहा टाकला आणि आता ताटही ढकललं. बोट तेवढं मागच्या दाराकडे. मागच्या दाराबाहेर शेड होती आणि शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता.

“विकायचा नाहीये का तुम्हाला?” आईने शेवटी विचारलं. तिचा आवाज बारीक झाला. “तसं असेल तर सांगा. मी आत्ता फोन करून नको म्हणते त्यांना.”

डोळे मिटले की होय, हे आमचं ठरलेलं होतं. बाबांनी डोळे मिटले नाहीत. मान हलवली आणि पुन्हा तेच बोट दाखवलं.

ट्रॅक्टर विकायचं आईनेच ठरवलं होतं. बाबांची खाट खिडकीपाशी होती आणि खिडकीतून समोर तोच दिसायचा. सकाळी उठल्यापासून बाबा त्याच्याकडे बघत बसायचे. कधी उजवा हात मांडीवर गोल फिरायचा, कधी डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं. आई पडदा ओढायची, बाबा तो सरकवायचे. “रोज समोर दिसतो म्हणून झुरतात,” ती मला फोनवर म्हणाली होती. “नजरेआड झाला की हळूहळू सुटेल त्यांच्या मनातून. दुसरं काय करू गं मी?” मलाही दुसरं काही सुचलं नव्हतं. म्हणून मी माझं शिवणकामाचं दुकान बंद ठेवून दोन दिवसांसाठी आले होते.

गिऱ्हाईकही असं मिळालं की रागवावं की हसावं कळेना. मोठ्या रस्त्यावर त्याचं हॉटेल होतं. तिथे दारात त्याला जुना ट्रॅक्टर रंगवून उभा करायचा होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुलांनी वर बसून फोटो काढावेत म्हणून. काल संध्याकाळी तो बघायला आला. बाबांना आम्ही खुर्चीत बसवून मागच्या दारात आणलं होतं. हॉटेलवाला सीटवर चढला, आरशात बघितल्यासारखा जरा ऐटीत बसला आणि त्याने स्टिअरिंग फिरवलं. आधी ते नुसतंच सैल फिरलं, मग कुठेतरी अडलं आणि आतून कर्र असा कोरडा आवाज आला. “असू दे, असू दे,” तो हसत म्हणाला. “आपल्याला कुठे नांगरायचंय त्याने. पोरांनी नुसतं स्टिअरिंग फिरवायचं.”

आता ताटाकडे बघता बघता मला तो आवाज आठवला, आणि तो ऐकल्यावर खुर्चीत एकदम ताठ झालेले बाबाही आठवले.

“बाबा,” मी म्हणाले, “स्टिअरिंग?”

बाबांनी डोळे मिटले.

“त्याच्या बॉक्समध्ये तेल घालायचंय? ट्रॅक्टर जायच्या आधी?”

त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि तसेच धरून ठेवले. पापण्यांतून पाणी आलं. मग डोळे उघडून त्यांनी ताट स्वतःच्या हाताने पुढे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली. माझा अंदाज बरोबर येण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि खरं सांगायचं तर मला रडू फुटायचं बाकी होतं.

आई मात्र वैतागली. काळजी गेली की तिला आधी राग यायचा. “म्हणजे यासाठी रात्रीपासून उपाशी? दुपारनंतर त्याची गाडी येणार न्यायला. जाणाऱ्या ट्रॅक्टरला कसलं तेल नि काय! तिथे नुसता शोभेला तर उभा राहणार आहे.”

“ते,” बाबा घास चावत म्हणाले.

“हो, कळलं. करते फोन मिस्त्रींना.”

मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे गॅरेजवाले दोस्त. धिप्पाड माणूस, पण आवाज एवढा बारीक की फोनवर लोक त्यांना ‘ताई’ म्हणायचे. बाबांची ट्रॅक्टरची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर गेलेली. बाबा दुसऱ्यांची शेतं भाड्याने नांगरून द्यायचे. स्वतःचं शेत असं नव्हतंच, एक ट्रॅक्टर आणि एक सरळ नजर एवढ्यावर त्यांनी घर चालवलं. त्यांच्या नांगराचे तास, म्हणजे जमिनीत उमटणाऱ्या रेघा, इतके सरळ यायचे की लोक त्यांना ओळंबा म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधून सोडतो ना, तो ओळंबा. मला शाळेतही ओळंब्याची मुलगी म्हणत आणि मी कशी वाकडी चालते यावरून चिडवत.

मिस्त्रीकाका आले ते थेट बाबांसमोर जाऊन उभे राहिले. “काय शेठ, जाताजाता आंघोळ घालायची म्हणता नवरदेवाला?”

बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

आम्ही बाबांना खुर्चीसकट मागच्या दारात आणलं. या शेडबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरात लहानमोठी सगळी भांडणं इथूनच सुरू व्हायची. स्वयंपाकघराचं दार थेट शेडमध्ये उघडतं. ट्रॅक्टर जुना, त्याच्या स्टिअरिंगच्या बॉक्समधून खाली तेल ठिबकायचं. तो थेंब बाबांच्या चपलेला लागायचा आणि चपलेवरून आईच्या स्वयंपाकघरात यायचा. आई दिवसातून दोनदा फरशी पुसणारी बाई. तिने बाबांचा जो पिच्छा पुरवला तो माझ्या जन्माआधीपासून. “तुमचा ट्रॅक्टर आणि माझी फरशी, दोघांपैकी एकाचं काय ते करा.” बाबा शांतपणे म्हणायचे, “अगं, जुनं यंत्र गळतंय म्हणजे आत तेल आहे. गळायचं थांबलं की घाबरायचं.” आई म्हणायची, “मग मीच गळायला लागते आता, म्हणजे तुमचं लक्ष जाईल.”

मग घरात नवी फरशी आली. आईने कितीतरी वर्षं मनात धरलेली, फिकट, दुधाळ रंगाची. स्वयंपाकघरात घातली तशी तिने ती हट्टाने शेडमध्येही घातली. त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून बाबांना म्हणाली होती, “यावर एक थेंब दिसला तर बघा.” आणि नवल म्हणजे तो दिसला नाही. पुढे कधीच दिसला नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला शेड दाखवायची. “एवढी वर्षं म्हणायचे गळणारच. मनावर घेतलं की होतं सगळं.” बाबा काही बोलायचे नाहीत.

मिस्त्रीकाकांनी पुढची चाकं जॅकने उचलली आणि खाली लाकडी ठोकळे लावले. मग बॉक्सवरचं बूच उघडून आत बोट घातलं. काढलं तेव्हा बोटाला काहीच नव्हतं. त्यांनी बाजूच्या प्लेटचे बोल्ट सोडले, प्लेट ओढून काढली आणि ते आत बघतच राहिले.

“वहिनी,” ते बारीक आवाजात म्हणाले, “यात ग्रीस कुणी कोंबलं?”

मी वाकून बघितलं. बॉक्स ग्रीसने गच्च भरलेला होता. जुनं, काळपट पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं. पण मधोमध बोगदा पडला होता. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पेच होता, त्याला लागून दातेरी चाक, आणि हे दोन्ही जिथे एकमेकांवर घासत होते नेमकं तिथेच काही नव्हतं. ग्रीस दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उभं आणि मधे लोखंड कोरडं, चकचकीत झिजलेलं.

“तेल असतं तर परत परत खाली वाहून आलं असतं दातांवर,” मिस्त्रीकाका मला दाखवत म्हणाले. “ग्रीस तसं येत नाही. एकदा बाजूला ढकललं गेलं की तिथेच बसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भरलेलं आहे.” मग ते बाबांकडे वळले. “शेठ, कुणाच्या हातात दिला होतात हो हा?”

“ह्यांनी कुणाच्या हातात दिलाय कधी?” आई म्हणाली. “आणि स्वतः तर शक्यच नाही. स्टिअरिंगमध्ये ग्रीस भरणाऱ्याला हे काय काय बोलायचे, मीच ऐकलंय. बॉक्सला तेलच लागतं, ग्रीस म्हणजे नुसती फसवणूक, असं...”

ती बोलताबोलता थांबली. बाबा कुणाकडेच बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

मिस्त्रीकाकांनी मान खाली घालून उगाचच एक बोल्ट पुसायला घेतला. त्यांच्या आधी लक्षात आलं असावं. “तेल अडवणारं खालचं सील गेलेलं होतं,” ते बोल्टलाच सांगितल्यासारखे म्हणाले. “बदलून तरी काय, ते ज्या दांड्यावर बसतं तो शाफ्टच झिजलेला. नवं सील घातलं असतं तरी गळलंच असतं. शाफ्ट काही मिळत नव्हता. मीच सांगितलं होतं त्यांना, गळायचं थांबणार नाही म्हणून. नंतर ते परत काही बोललेच नाहीत. मला वाटलं, घेतलं समजून.”

आई दाराच्या उंबरठ्यावर बसली. बाबांच्या खुर्चीच्या अगदी जवळ, पण त्यांच्याकडे न बघता.

“फरशीसाठी?” तिने विचारलं.

बाबांनी डोळे मिटले.

मला आठवायला लागलं आणि आईलाही तेच आठवत असणार. नव्या फरशीनंतरच बाबांचा खांदा धरायला लागला होता. रोज संध्याकाळी ते अंगणातल्या स्टुलावर शर्ट काढून बसायचे आणि आई खांद्याला मलम चोळायची. चोळताना तोंड चालूच. वय झालं, आता कामं कमी घ्या, ऐकत नाही तुम्ही कुणाचं. बाबा नुसते हं हं करायचे. स्टिअरिंग दिवसेंदिवस जड होत गेलं, त्यातला प्ले वाढत गेला, म्हणजे चाक वळायला लागायच्या आधी स्टिअरिंग नुसतंच रिकामं फिरायचं. तशा ट्रॅक्टरने सरळ तास काढायचा तर सारखं इकडून सावरा, तिकडून सावरा. ओळंब्याचे तास शेवटच्या हंगामापर्यंत सरळ होते. ते कशाच्या जिवावर होते ते आम्हाला आज कळलं.

“मी म्हटलं होतं एक थेंब दिसला तर बघा,” आई म्हणाली. “म्हणून काय असं करायचं? मी काय, बोलायचीच की सगळं. तुम्ही मला ओळखत नव्हता?”

“ते,” बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजातलं ‘ते’ मी आधी ऐकलं नव्हतं. आईलाही त्याचा अर्थ लागला नसावा, किंवा लागला असेल. तिने पदराने नाक पुसलं आणि ती उठली.

“काढा ते ग्रीस,” ती मिस्त्रीकाकांना म्हणाली.

“काढतो वहिनी. आणि असं करू, थोडं ग्रीस नि थोडं तेल कालवून घालू. काकवीसारखं होतं. दातांवरही येतं आणि गळतही फार नाही. हल्ली जुन्या बॉक्सना तसंच करतात.”

“नको. तेल घाला. ह्यांचं ते घट्टवालं होतं ना, तेच.”

“एकशेचाळीस नंबर. पण मग गळेल बरं का. आज उभा आहे तोवर इथेच, तुमच्या फरशीवर.”

“गळू दे,” आई म्हणाली.

ग्रीस काढायला वेळ लागला. मिस्त्रीकाकांनी चपट्या पट्टीने ते खरवडून काढलं आणि जुन्या डब्यात टाकलं. मग डिझेलने बॉक्स आतून धुतला, चिंधीने पुसला, पुन्हा धुतला. चिंध्या पुरेनात तेव्हा आई आतून स्वतःची मऊ झालेली साडी घेऊन आली आणि तिने ती टरटर फाडली. प्लेटखालचं, फट बुजवणारं जुनं पॅकिंग तुकडे होऊन पडलं होतं. नवं कापायचं काम माझ्याकडे आलं. जाड कागदाचा पुठ्ठा घेतला, त्यावर प्लेट ठेवून पेन्सिल फिरवली आणि पर्समधल्या कात्रीने, ब्लाउजचा गळा कापावा तसं काळजीने कापलं. बाबांनी ते हातात घेऊन उजेडात धरलं. बोल्टच्या एका भोकापाशी त्यांनी नख ओढलं. मी तिथे जरा जास्त कापलं आणि मग ते बसलं.

लहानपणी मला शिवणयंत्राला तेल घालायला त्यांनीच, स्वतःला शिवता-बिवता येत नसूनही, शिकवलं होतं. थेंब टाकायचा आणि चाक हाताने फिरवायचं, मग पुढचा थेंब. “नुसतं ओतून काय उपयोग? फिरवल्याशिवाय ते जागेवर जात नाही,” असं ते म्हणायचे. मला त्यांचा तो आवाज हवा होता. त्या क्षणी इतका हवा होता की कात्री हातात धरून मी शेडमध्ये उगाच दुसरीकडे बघत उभी राहिले.

तेलाचा डबा आईने गरम पाण्याच्या बादलीत ठेवला होता. तेल पातळ झाल्यावर मिस्त्रीकाकांनी नरसाळं लावून ते सावकाश ओतलं. बुचापर्यंत आलं, मग बुडबुडे येऊन खाली गेलं, मग पुन्हा थोडं ओतलं.

“आता फिरवायला पाहिजे,” ते म्हणाले. “या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे हवा निघेल आणि तेल खालपर्यंत उतरेल.” त्यांनी मडगार्डला धरून वर चढायला पाय उचलला.

“ते!” बाबा म्हणाले.

आम्ही तिघांनीही मागे बघितलं. बाबांचा उजवा हात छातीवर होता.

“अहो, डॉक्टरांनी...” आईने सुरुवात केली.

“चालवायचा कुठे आहे वहिनी,” मिस्त्रीकाका म्हणाले. “इंजिन बंद, चाकं हवेत. हलकं लागेल. एका हाताने होईल त्यांना.”

आईने एकदा सीटकडे बघितलं, एकदा बाबांकडे. “बाक आण गं आतला,” ती मला म्हणाली.

एके काळी बाबा नुसता एक हात स्टिअरिंगला लावून वर उडी मारायचे. आज आधी बाक, बाकावर स्टूल, मिस्त्रीकाकांनी मागून काखेत हात घालून उचललेलं, मी कंबर धरलेली आणि आईने डावा पाय दोन्ही हातांत घेऊन एकेक पायरी वर ठेवलेला. मध्येच एकदा सगळे मिळून कलंडतो की काय असं झालं आणि मिस्त्रीकाका म्हणाले, “शेठ, तुमच्यापेक्षा इंजिन उतरवणं सोपं.” बाबा हसले, त्यामुळे अंग आणखी ढिलं पडलं आणि आई ओरडली, “आता हसवू नका त्यांना.”

शेवटी ते सीटवर बसले. मी एका बाजूने टेकू दिला. बाबांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. डावा हात मांडीवर पडलेला होता. आई मडगार्डवर चढून उभी होती, तिने तो हात उचलला आणि तोही स्टिअरिंगवर ठेवून वरून आपला हात दाबून धरला.

बाबांनी फिरवायला सुरुवात केली. आधी कर्र झालं, थोडं कमी कर्र झालं, मग आवाज गेला. पुढची चाकं हवेत डावीकडे वळली, टोकाला जाऊन थांबली आणि सावकाश उजवीकडे आली. बाबा समोर बघत होते. समोर शेडची भिंत होती, तिच्यावर आईची वाळत घातलेली फडकी आणि एक जुनं कॅलेंडर. पण त्यांची नजर भिंतीवर नव्हती. ती कुठेतरी लांब, शेताच्या पलीकडच्या बांधावर ठेवावी तशी ठेवलेली होती. तास सरळ यायचा असेल तर जवळ बघायचं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी मडगार्डवर बसायची तेव्हा.

मिस्त्रीकाकांनी खाली उभं राहून बॉक्समध्ये तेल आणखी थोडं भरलं. “बास झालं, हवा निघाली,” असं ते म्हणाले. बाबा फिरवतच राहिले. मिस्त्रीकाकांनी बूच लावलं, हत्यारं गोळा केली, हात पुसले. बाबा फिरवतच होते. आईचा हात त्यांच्या हातावर तसाच होता आणि स्टिअरिंगबरोबर तीही थोडी इकडे, थोडी तिकडे झुकत होती. कुणीही ‘पुरे’ म्हणालं नाही.

दारात गाडी वाजली तेव्हाच ते थांबले.

हॉटेलवाला ट्रक आणि दोन माणसं घेऊन आला होता. आम्ही बाबांना उतरवून खुर्चीत बसवेपर्यंत त्याने ट्रकच्या फळ्या उतरवायला लावल्या. मिस्त्रीकाकांनी चाकांखालचे ठोकळे काढले. आई मात्र शेडमध्ये वाकून ट्रॅक्टरच्या खाली बघत होती.

“काही राहिलंय का काकू?” हॉटेलवाल्याने विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “तुम्ही चहा घेऊन जा.”

“नको, उशीर होईल. परत लोड करायचं आहे.”

“असं कसं? आमच्या घरातून ट्रॅक्टर नेताय आणि बिनचहाचे जाणार? बसा.”

तिच्या त्या ‘बसा’पुढे माझंही कधी चाललेलं नाही. ते बसले. आईने चहा ठेवला तो सर्वात मंद आचेवर. मध्येच दारात येऊन वाकून बघून गेली. फरशी कोरडी. चहा दिला, मग बिस्किटं शोधायला लागली. बिस्किटं पुढच्याच डब्यात होती, ते मला माहीत होतं. ती मागच्या दोन डब्यांत हात घालत राहिली आणि मी मधे पडले नाही. पुन्हा येऊन वाकली. ज्या थेंबापायी तिने उभा जन्म बाबांवर तोंड सोडलं, त्या एका थेंबासाठी ती आता परक्या माणसाला बळेबळे चहा पाजत होती.

मिस्त्रीकाका तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “येईल वहिनी. गरम आहे तेल. शेठनी चांगलं फिरवलंय. सीलपाशी पोचलंच असेल.”

हॉटेलवाल्याने कप खाली ठेवला. “चला, निघू आता,” म्हणून तो उठला.

“ते,” बाबा म्हणाले.

त्यांचं बोट खाली होतं. शाफ्टच्या टोकाशी एक गोल थेंब लोंबत होता. जाड, सोनेरी, पडायला अजिबात घाई नसलेला. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. थेंब लांब झाला, बारीक झाला आणि दुधाळ फरशीवर पडला.

“पडला,” आई म्हणाली.

बाबा हसत होते. अर्ध्या तोंडाने, डोळे भरून. आई त्यांच्याकडे बघून रागवायला गेली, सवयीने, आणि तिला जमलं नाही.

हॉटेलवाला वाकून बघत म्हणाला, “अरे, हे तर गळतंय.”

“गळणारच,” आई म्हणाली. “जुना आहे. गळतंय म्हणजे आत तेल आहे. तुम्ही वर्षातून एकदा बूच उघडून बघायचं आणि भरायचं. ग्रीस नाही, तेल. आणि गळायचं थांबलं ना, तर घाबरायचं.”

हॉटेलवाल्याने मान डोलावली. सीटवर चढून त्याने स्टिअरिंग हलवलं आणि म्हणाला, “काल तर असं नव्हतं! किती हलकं झालं!” त्याची माणसं मागून ढकलत होती. ट्रॅक्टर शेडमधून बाहेर निघाला, अंगणात वळला आणि फळ्यांवर सरळ चढला, एकदाही न अडखळता. बाबा बघत राहिले. ट्रक रस्त्याला लागून दिसेनासा झाला, त्याचा आवाजही गेला, तरी त्यांनी आत चला म्हणून खूण केली नाही. आई त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता, दुखऱ्या, आणि अंगठा नकळत तिथे चोळत होता.

दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं. बाबांनी सकाळी चहा घेतला, नाश्ता केला. मी खिडकीचा पडदा लावू का विचारलं, तर त्यांनी ‘नको’ अशी मान हलवली. शेड एकदम मोठी दिसत होती. जिथे टायर होते तिथे फरशी जरा फिकट होती आणि मधे तेलाचा तो डाग. ट्रॅक्टर निघेपर्यंत पडलेले आणखी थेंब मिसळून, रात्रभरात पसरून वाटीएवढा झालेला.

जाण्याआधी निदान शेड तरी पुसून द्यावी म्हणून मी बादली आणि फडकं घेऊन गेले. भिंतीपासून पुसत पुसत मधे आले. मागे आई दारात उभी होती. मी डागापाशी फडकं पिळलं.

“ते राहू दे,” आई म्हणाली. “ओलं आहे अजून.”